हद्दीच्या अलीकडे

“शालू, फांदी!” दाजी ओरडले आणि त्यांनी जीप उजवीकडे घेतली, पण उशीर झाला होता. मागच्या बंपरवर उभी केलेली आमची आठ फुटी अँटेना वडाच्या फांदीत अडकली, वाकली, आणि सुटताना असा फटका बसला की कानावर हेडफोन असूनही तो मला ऐकू आला. सेटमधले सगळे आवाज एकदम मेले.

“थांबवा गाडी.”

“थांबवलीच की. उतर, बघू काय ऱ्हायलंय ते.”

सकाळचे नऊ वाजून गेले होते. कोल्हापूर मागे पडलं, कळे गावही मागे पडलं, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर धुकं असं दाटलं होतं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. दाजींनी खाली वाकून तळाचा बोल्ट चाचपला.

“मोडली न्हाई. तळातनं ढिली झालीया. दहा मिंटं दे मला.”

“दहा मिनिटं कुठून आणू? दहाला काकांची वेळ आहे.”

“व्हय गं बाई. मला काय ठावं न्हाई व्हय?”

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या तारघरात नोकरीला होते आणि मला हौशी रेडिओचं वेड होतं. सरकारी परवाना काढायचा, घरी सेट मांडायचा आणि कधी न पाहिलेल्या माणसांना हवेतून हाक मारायची, एवढंच ते वेड. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आण्णासाहेब मगदूम, म्हणजे आमचे दाजी. त्यांचं जयसिंगपूरला गॅरेज होतं. त्यांना रेडिओतलं काही कळत नव्हतं, पण जीप आणि स्पर्धा या दोन गोष्टी कळत होत्या, आणि आमच्या फिरत्या केंद्राला तेवढं पुरत होतं.

स्पर्धा तालुक्यांची होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. फिरत्या गटातल्यांनी गाडीतूनच बोलायचं, गाडीवर बसवलेल्या अँटेनावरच, आणि जमतील तेवढ्या तालुक्यांतून जमतील तेवढी माणसं गाठायची. प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या: तुझा आवाज कसा येतोय, माझा अनुक्रमांक किती, आणि मी कुठल्या तालुक्यात आहे त्याची तीन अक्षरं. समोरच्यानेही तेच सांगायचं, आणि ऐकलेला अनुक्रमांक परत म्हणून दाखवायचा. तसा तो नियम नव्हता, पण रीत होती. तालुका अंदाजाने सांगता येतो. अनुक्रमांक ऐकावाच लागतो.

त्या अनुक्रमांकाने दुसराही फायदा होतो. समोरचा कुठवर पोचलाय ते कळतं. आदल्या वर्षी आम्हाला फक्त तीन संपर्कांनी हरवणारी नाशिकची फिरती गाडी त्या सकाळी भेटली, तेव्हा त्यांनी मला ब्याण्णव दिला होता आणि मी त्यांना एकशे अकरा. दाजींनी ते ऐकून हॉर्न वाजवला होता. गॅरेजात काउंटरच्या वर त्यांनी डिसेंबरातच ट्रॉफीसाठी फळी ठोकून ठेवली होती, आणि माझी बहीण अक्का येता-जाता त्या फळीला नमस्कार करून त्यांना चिडवत होती.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ट्रॉफीच्या आधी काका होते.

अंबादासराव सोनटक्के परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा मदतनीस होते, तेव्हा निवृत्त झालेले. सगळे त्यांना काकाच म्हणत. तारघरातलं मोर्सचं कडकट्ट मला पाठ होतं, पण रेडिओतला बारीक स्वर गोंधळातून उचलून कसा ऐकायचा हे मला काकांनी शिकवलं, हवेतूनच, सहा वर्षं, रोज सकाळी अर्धा तास. प्रत्यक्ष भेटलो होतो दोनदाच. काकांनी अकरा वर्षांपूर्वी मनात घेतलं होतं की महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यातून कुणाशी तरी एकदा बोलायचं. त्यासाठी वही होती, लाल रेघा मारलेली. त्या वहीत आता एकच ओळ रिकामी होती, गगनबावडा. तिथे आमच्यातलं कुणी राहत नव्हतं.

आणि वेळही उरली नव्हती. काकांचा डावा कान लहानपणीच गेलेला. उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली होती. गाठ काढायची तर ऐकणंही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बुधवारी औरंगाबादला ऑपरेशन ठरलं होतं, आणि हा त्याआधीचा रविवार. दिवाळीपासूनच त्यांना घरातलं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं, काकू पाटीवर लिहून दाखवत. हेडफोन लावला की मात्र थोडं यायचं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, “शेवटचा तालुका आवाजात हवा, मोर्समध्ये नको. तुझा आवाज ऐकून सेट बंद करीन.”

मी दहा वाजताची वेळ देऊन बसले होते.

अँटेना बसवून निघालो तेव्हा पावणेदहा होत आले होते. माझ्या मांडीवर दाजींचं पत्रक होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते हा सगळा रस्ता एकटे फिरून आले होते आणि जयसिंगपुरापासून किती किलोमीटरवर कुठली हद्द लागते ते त्यांनी लिहून काढलं होतं. बाकी हद्दींवर पाट्या होत्या. पन्हाळा आणि गगनबावडा यांच्यामध्ये त्यांना पाटी दिसली नव्हती. एका तलाठ्याने त्यांना ओढ्यावरचा लहान पूल दाखवला होता, अलीकडे पन्हाळा, पलीकडे गगनबावडा. पत्रकात लिहिलं होतं: पूल, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन.

“मीटर किती?” मी विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर.”

गाडी कशावरून तरी गेली. दोन्ही बाजूंना धुक्यात कठड्यासारखं काही दिसलं आणि गेलं.

“ह्यो पूल,” दाजी म्हणाले. “आलो बघ हद्दीत. हितंच घेऊ का बाजूला?”

घड्याळात दहाला तीन मिनिटं होती. “इथंच.”

त्यांनी इंजिन बंद केलं. मी डायलवरच्या ठरल्या जागी काकांना हाक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेला काका आले, तोच खणखणीत, मास्तरी आवाज.

“आलीस, आलीस. बोल शालन.”

“काका, आवाज उत्तम. अनुक्रमांक एकशे एकोणीस. तालुका जीबीडी, गगनबावडा. काका, गगनबावडा!”

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग, “बरोबर, बरोबर. जीबीडी. सगळं आलं. फार आभारी आहे पोरी. आता सगळ्यांना माझे त्र्याहत्तर. सेट बंद करतो.”

त्र्याहत्तर म्हणजे आमच्यातला नमस्कार. माझे डोळे भरून आले. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मग मी डोळे पुसले आणि कामाला लागले, कारण दुर्मिळ तालुका म्हटल्यावर बाकीचेही तुटून पडले होते. पंचवीस मिनिटांत बारा जण घेतले. शेवटच्याला एकशे एकतीस दिला.

“चला,” मी म्हणाले. “आता गावात एकदा थांबू, मग करूळ घाट उतरून वैभववाडी.”

गाडी निघाली. धुकं जरा विरळ झालं होतं, ऊन वरून झिरपत होतं. दीडेक किलोमीटर गेलो असू. वळण संपलं आणि समोर ओढा आला. ओढ्यावर लहान पूल होता. कठड्याला पांढरा पट्टा होता, आणि पलीकडे एक वाकडं आंब्याचं झाड. पत्रकात दाजींनी पेन्सिलीने लिहिलेलं मला पाठ होतं: पांढरा पट्टा, वाकडा आंबा.

जीप पुलावरून गेली. दाजींचा पाय ॲक्सिलेटरवरून सुटला होता, आणि गाडी आपोआप हळू होत होती.

“दाजी, थांबवा.”

“कशाला? आता आलोय की हद्दीत.”

“आता आलोय. मघाशी कुठं होतो?”

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले.

“ती पाण्याची मोरी असणार मघाची, पूल न्हवं,” ते म्हणाले. “पर मीटर बरोबर होतं गं. अठ्ठ्याहत्तर म्हंजे...” आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. “टायर.”

“काय टायर?”

“गुरुवारी चारी टायर नवं टाकलं न्हाई का, ह्या स्पर्धेपायी? वाईच लहान हायत जुन्यापरास. लहान चाक जास्त फिरतंय, मीटर पुढं पळतंय. पत्रक जुन्या टायरवरचं. मी मेकॅनिक माणूस, आणि माझ्या ध्यानात न्हाई आलं बघ.”

म्हणजे तेरा संपर्क पन्हाळ्यातून केले होते आणि तेराही जणांना गगनबावडा सांगितला होता. त्यातले बारा स्पर्धेचे होते. त्यांचं मला फार वाटलं नाही, वहीत रेघ मारली की झालं. उरलेला एक काकांचा होता.

मी लगेच सेट लावला आणि काकांना हाक मारायला सुरुवात केली. पाच मिनिटं मारत राहिले. लातूरचे सय्यद सर मध्ये आले आणि म्हणाले, “ताई, काकांनी सेट बंद केला. आम्हा सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. आता नका मारू हाका.”

दाजींनी थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे धरला.

“एक सांगू का शालू? रागावू नगं. त्यो माणूस आज खुश हाय. अकरा वर्साचं काम झालं त्येचं. बुधवारी कान जाणार. त्येला सांगून काय मिळणार हाय तुला? धुकं होतं. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

“मला बी कळतंय की. आपण दोघं जाणतोय, बास.”

“दाजी, याच काकांनी एकदा रोह्याचा संपर्क खोडून टाकला होता. का, तर तो माणूस खाडीपलीकडे, दुसऱ्या तालुक्यात, भावाच्या घरून बोलत होता. त्याने स्वतः सांगितलंही नव्हतं, काकांना मागाहून कळलं. पुढं रोहा मिळायला चार वर्षं गेली. अशा माणसाच्या वहीत शेवटची ओळ मी खोटी भरू?”

“पर सेट बंद हाय त्येंचा.”

“फोन आहे ना.”

“कानानं ऐकू येत न्हाई, त्येला फोन करणार तू!”

“गावात चला तुम्ही,” मी म्हणाले. मला राग आला होता, त्यांचा नाही, माझा स्वतःचा. मीटरवर विसंबून मी खिडकीतून मान बाहेर काढून एकदा बघितलंही नव्हतं.

गगनबावड्याच्या स्टँडजवळ एक एसटीडी बूथ उघडा होता. बूथवाली बाई शेंगा सोलत बसली होती. परभणीची लाइन तीनदा लागली नाही. चौथ्यांदा काकूंनी उचलला.

“हॅलो, कोण बोलायलंय?”

“गयाकाकू, मी शालन. काका कुठं आहेत?”

“अगं, तू तर रेडिओवर पाहिजेस. हे बसलेत मागं अंगणात. दहाला सेटवर चादर टाकली अन् जे येऊन बसलेत ते बसलेतच. चहा तसाच गार झाला. मी म्हणलं, आनंद व्हायला पाहिजे माणसाला, तर बोलेनातच.”

“काकू, त्यांना फोनपाशी बोलवा आणि पाटी घ्या. मी सांगते ते लिहा.”

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. “हं, सांग.”

“लिहा. आम्ही गगनबावड्यात नव्हतो. पन्हाळ्यात होतो. चूक आमची. दहाचा संपर्क खोटा.”

“खोटा असं लिहू?” काकू हळूच म्हणाल्या. “बाई, बुधवारी ऑपरेशन आहे गं त्यांचं.”

“माहीत आहे काकू. म्हणून आजच लिहा.”

पाटीवर पेन्सिल कुरकुरली. ती मला फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि काकू गोंधळून म्हणाल्या, “हसायलेत गं. का रडायलेत, काही कळंना. थांब, फोन मागायलेत.”

आणि काका बोलू लागले. ज्याला समोरचं काही ऐकू येत नाही अशा माणसाचं फोनवरचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. ते मध्ये कुठेही थांबत नव्हते.

“शालन, तू काही बोलू नकोस, मला ऐकू येणार नाही. मीच बोलतो. दहा वाजता मला तू ऐकू आली नाहीस. नुसती घरघर होती. वेळ तुझी होती, जागा तुझी होती, म्हणून मी अंदाजानं आलं-आलं म्हणून टाकलं. तुझी स्पर्धा चालू, तू माझ्यासाठी घसा फोडत बसशील, म्हणून म्हणलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा न ऐकता ऐकलं म्हणलो बघ. मग वही उघडली तर अनुक्रमांक काय लिहू? रकाना कोराच आहे. तूही खोटी, मीही खोटा. फिट्टंफाट झाली. आता जा, तुझी स्पर्धा कर. माझा एक तालुका राहिला तर राहिला.”

मी भिंतीला टेकले. काकांनी अनुक्रमांक परत म्हटला नव्हता. सोळा वर्षं तारा घेतलेल्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. घेतलेला आकडा परत म्हणायचा, हा या माणसाने मला शिकवलेला पहिला धडा होता, आणि मी गगनबावडा, गगनबावडा म्हणून नाचत बसले होते.

“काकू, पाटी पुसा,” मी म्हणाले.

“काय लिहू?”

“लिहा. बरोबर बारा वाजता. मोर्स. स्वर अगदी खर्जात लावा. मी हळू वाजवीन. शालन गगनबावड्यातून हलत नाही.”

पेन्सिल कुरकुरली. मग काकांचा आवाज लांबून आला, “अन् तिची स्पर्धा?”

“लिहा, तो माझा प्रश्न आहे.”

बाहेर दाजी जीपला टेकून उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग त्यांनी मागच्या अँटेनाकडे बघितलं.

“सकाळी हीच काडी होती. घरघर ऐकू आली त्येंला.”

“हो.”

“मोर्स केलं तर यील ह्या काडीवर?”

“घरघरीत बोलणं हरवतं तिथं मोर्सचा स्वर उचलता येतो. येईल किंवा नाही येणार. त्यांच्या कानात आता फार थोडं उरलंय.”

दाजींनी मागच्या सीटखाली नजर टाकली. तिथे तारेचं भेंडोळं होतं, वीस मीटर, घरून अडीअडचणीला म्हणून घेतलेलं. ती तार दोन झाडांमध्ये उंच ताणली की आमचा आवाज कितीतरी पटीने पोचला असता. पण गाडीवर नसलेली तार लावली की फिरत्या गटातून बाद. हे दाजींना माझ्याइतकंच माहीत होतं, नियमांचा कागद त्यांनीच गॅरेजात चिकटवला होता.

मी तारेचं नाव काढलं नाही. जीप त्यांची होती, रस्ता त्यांनी शोधला होता, वर्षभर रविवारी दुपारी ते त्या बंपरखाली झोपून कधी ब्रॅकेट, कधी डायनामोची खरखर असं काहीतरी ठीक करत होते. आणि ती फळी ठोकून झाली होती.

“नाशिकवालं जिंकणार म्हंजे,” दाजी म्हणाले.

“बहुतेक.”

“लई मिरवतील.”

“मिरवतील.”

दाजींनी सीट उचलली, भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “दगुड बघ एखादा मुठीएवढा. दोरी बांधायला.”

गावाबाहेर, घाटाच्या तोंडाशी दोन उंच सिल्व्हर ओक होते. पहिल्या झाडावर दाजींचा दगड तिसऱ्या फेकीला अडकला. दुसऱ्यावर काही केल्या अडकेना. सहा वेळा परत आला, एकदा तर माझ्याच अंगावर. बाराला दहा मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी चपला काढल्या, दोरी दातात धरली आणि पन्नाशीला आलेला तो माणूस झाडावर चढला. मी खालून ओरडत होते, “पडाल दाजी! अक्काला काय तोंड दाखवू?” वरून उत्तर आलं नाही, कारण दोरी दातात होती.

बाराला दोन मिनिटं कमी असताना तार ताठ झाली. मी जीपच्या मागच्या फळीवर सेट ठेवला, मोर्सची किल्ली मांडीवर घेतली. दाजी शेजारी येऊन बसले. त्यांच्या पोटऱ्या सोलवटल्या होत्या. मी सेटचा स्पीकर चालू ठेवला, म्हणजे त्यांनाही ऐकू यावं.

अनुक्रमांक कुठला द्यायचा हे मी ठरवलं होतं. स्पर्धेतून आम्ही बाद झालो होतो, तेव्हा कुठलाही चालला असता. पुढचा दिला असता तर दुपारपर्यंत आम्ही कुठवर पोचलो असू यावरून काकांना तो अंदाजाने बांधता आला असता. अंदाजाला जागा ठेवायची नव्हती. मी चारशे सात घेतला.

बारा वाजता मी काकांची हाक, म्हणजे परवान्यावरची त्यांची खुणेची अक्षरं, वाजवली, एकेक अक्षर सुटं करून. मग ऐकलं. नुसती खरखर. परत वाजवली. परत खरखर. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. पाचव्या हाकेनंतर खाली, खोल कुठूनतरी काकांचा हात आला. त्यांच्या किल्लीवरचा हात मी हजारांत ओळखला असता, शेवटची रेघ ते जरा लांबवत. त्यांनी माझी हाक परत दिली आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

“आलं काय?” दाजी कुजबुजले.

“आलेत. आता देते.”

मी दिलं. आवाज बरा. क्रमांक चार, शून्य, सात. तालुका जीबीडी. सगळं दोनदा. मग हात किल्लीवरून उचलला.

बराच वेळ गेला. मग काका वाजवू लागले. जीबीडी. चार. शून्य. आठ.

मोर्समध्ये सात आणि आठ यांत एका रेघेचा फरक असतो.

“काय म्हणाले?”

“चारशे आठ.”

“मग झालं की गं! येवढं आलं, एक आकडा हिकडंतिकडं. दे सोडून, लई झालं त्या माणसाला.”

“नाही,” मी म्हणाले, आणि वाजवलं: नाही. परत ऐका.

हे वाजवताना मला स्वतःची शरम वाटली. अर्ध्या कानाच्या म्हाताऱ्याला मी परीक्षेला बसवत होते. पण सकाळी काकांनी माझ्यावर दया करून काय केलं होतं ते आम्ही बघितलंच होतं. मी नुसता शेवटचा आकडा वाजवला, जन्मात कधी वाजवला नसेल इतका हळू. दोन रेघा, तीन टिंबं. थांबले. दोन रेघा, तीन टिंबं. तारघरात असं वाजवलं असतं तर साहेबांनी हाकलून दिलं असतं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग किल्ली सोडली.

खरखर. मध्येच कुठलीतरी शिट्टी येऊन गेली. दाजींनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं.

मग तो हात आला. चार. शून्य. दोन रेघा. एक टिंब, दुसरं टिंब, तिसरं टिंब.

सात.

मी वाजवलं, बरोबर. बरोबर. बरोबर. तीनदा वाजवायची काही गरज नव्हती. काकांनी त्र्याहत्तर दिले, मी दिले. आमच्यात सगळं बोलून झालं की शेवटी किल्लीवर नुसती दोन टिंबं वाजवतात, दारातून वळताना हात हलवावा तशी. काकांनी दोन टिंबं वाजवली. मी दोन वाजवली. त्यानंतर पलीकडून काही आलं नाही. मी हेडफोन कानाला लावून आणखी पाच मिनिटं बसले, आणि मग मला मोठ्याने रडू आलं. दाजी उठून तार सोडवायला गेले.

आम्ही परत फिरलो नाही. बाद झालो होतो, पण वैभववाडी, कणकवली, देवगडची वाट बघत माणसं बसली होती, त्यांच्या वह्यांत त्या ओळी रिकाम्या होत्या. तार गुंडाळून करूळ घाट उतरलो आणि संध्याकाळी सहापर्यंत फिरलो. दर हद्दीला दाजी खाली उतरून पाटीला हात लावून येत आणि मगच मला बोलू देत. तेरा ओळींवर रेघ मारलेली वही मी आयोजकांना पाठवून दिली. ट्रॉफी नाशिकला गेली, आणि त्यांनी खरंच खूप मिरवलं.

काकांचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, कान गेला. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, आणि मी परभणीला गेले की आम्ही पाटीवर गप्पा मारत असू.

महिनाभराने मला त्यांचं कार्ड आलं होतं. संपर्क झाल्याची खूण म्हणून आम्ही एकमेकांना अशी कार्डं पाठवतो. पोस्टाचा शिक्का मंगळवारचा, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टाकलेलं. बहुधा कार्ड कुठेतरी फिरून आलं असावं. दाजींनी ते वाचलं, माझ्या हातातून काढून घेतलं आणि चौकट करून गॅरेजातल्या त्या फळीवर ठेवलं. आता दाजी नाहीत, गॅरेज भाचा चालवतो, पण कार्ड तिथेच आहे. परवा गेले होते तेव्हा काच पुसून पुन्हा वाचलं. वेळ: बारा वाजून एकोणीस मिनिटं. तालुका: गगनबावडा. मिळालेला क्रमांक: ४०७. आणि खाली, शेऱ्याच्या जागी, लाल शाईत एकच शब्द.

ऐकलं.